आडवा ठेवलेला दांडू

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी धाकट्या नातवावर पाढ्यांवरून खेकसत होतो. सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरहून आमच्या गावचा एक माणूस अकोल्यात उतरला, आमच्या ओट्यापाशी आला, पायातल्या वहाणा काढल्या आणि उभाच राहिला. गावचा माणूस दारात येऊन बसत नाही, पाणी मागत नाही, तेव्हा काय ते समजतं. मी विचारलं, "केव्हा?" तो म्हणाला, "आज पाहाटे. बैलायले चारा टाकून आले, भिताडाले टेकले... अन् तसेच." नातू पाटी घेऊन माझ्याकडे बघत होता. सात चोकवर तो अडला होता. मी त्याच्या हातातली पाटी काढून घेतली.

त्याला आता महिना झाला. 'घरच्या घरी मुलांना कसं शिकवावं यावर तुमच्यासारख्या जुन्या मास्तरांनी लिहावं' असं या अंकाच्या संपादकांनी मला मागेच सांगितलं होतं. मी आज लिहितो, उद्या लिहितो करत राहिलो. लिहायला बसलो की पेन थांबायचं, कारण सगळा जन्म मास्तरकीत घालवूनही मला माझ्या स्वतःच्या मुलाला शिकवता आलं नव्हतं. त्याला शिकवलं ते माझ्या थोरल्या भावानं, आणि दादाला स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती. हे कबूल करायला मला त्याच्या मरणाची वाट बघावी लागली, याची आज लाज वाटते.

आम्ही काळ्या मातीतली माणसं. वडील लवकर गेले, शेत दादाच्या अंगावर पडलं तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. पण संध्याकाळ झाली की तो गावाबाहेरच्या पटांगणात असायचाच. हुतुतूत त्याला धरायला चौघं लागायचे, आट्यापाट्यांत त्याची पाटी ओलांडणं कठीण, पण त्याचा खरा जीव विटीदांडूत. बाभळीचा दांडू तो स्वतः तासायचा. आमच्या गावच्या खेळात एक रीत होती. कोणी मुद्दाम डाव सोडला, म्हणजे जिंकता येत असून हरला, तर गड्यांतला जो मोठा असेल तो काही बोलायचा नाही. तो दांडू त्या गड्याच्या समोर जमिनीवर आडवा ठेवायचा. झालं. पुढच्या पोळ्यापर्यंत त्या गड्याला कोणी खेळात घ्यायचं नाही. रडला, पाया पडला तरी नाही.

हा दांडू एकदा माझ्यापुढे आडवा झाला होता. घरी आईनं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या, मला भूक लागली होती, म्हणून मी विटी मुद्दाम सोपी टोलवली आणि झेलू दिली. दादानं ते बरोबर ओळखलं. सख्ख्या भावापुढे दांडू ठेवताना त्याचा चेहरा एवढासा झाला होता, पण त्यानं ठेवला. मग वर्षभर मी करू काय? पंतोजींच्या शाळेत जाऊन बसलो. मी मास्तर झालो तो असा, त्या आडव्या दांडूमुळे. पुढे लोक माझ्या विद्येचं कौतुक करायचे तेव्हा दादा गालातल्या गालात हसायचा.

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगायची ते कापसाच्या तेजीचं वर्ष. समुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागायची, एकेका गाडीचा नंबर यायला चार चार, पाच पाच दिवस जायचे. गावोगावची पोरं शाळा सोडून वेचणीला नाहीतर गाडीवर जात. पटावरची मुलं वर्गात दिसत नव्हती. मी सरकारी शाळेत दुय्यम मास्तर होतो, नवा होतो, आणि माझा थोरला मुलगा रघू त्याच शाळेत, नऊ वर्षांचा. बाकीची पोरं निदान कापूस वेचून शाळा बुडवत होती. हा माझ्यासमोर बसून बुडवत होता. दोन वर्षं एकाच वर्गात. पाटीवर काढलेलं अक्षर त्याला संध्याकाळी ओळखू येत नसे, पाढा म्हणताना तो दाराबाहेर बघत असे. मास्तरांचंच पोरगं ढ, असं माझ्या कानावर यायला लागलं होतं. मी त्याला मारायचो. निंबाची ओली छडी घेऊन मारायचो. त्याची आई आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन बसायची, आणि मला वाटायचं, मी कर्तव्य करतो आहे.

पौषात दादा कापसाची पहिली खेप घेऊन आला. नंबर लागेपर्यंत आमच्याकडेच उतरला. त्याच दिवशी शाळेत कळलं होतं की महिन्याभरात शाळा तपासणारे डिप्टीसाहेब परीक्षेला येणार. मी घरी आलो तो तापूनच. रघू अंगणात दादाच्या, म्हणजे त्याच्या मोठेबाबांच्या, बैलांच्या पाठी चोळत होता. मी त्याचा कान धरून आत आणला आणि दादाच्या देखत म्हटलं, "या खेपेला नापास झालास तर शाळा बंद. गावी दादाकडे पाठवून देईन. बस आयुष्यभर शेण काढत."

दादा तंबाखू मळत होता. मळता मळता थांबला.

"पाठव," म्हणाला. "पण माह्यं घर काय शिक्षा हाये का गा, सदू?"

मी रघूची पाटी शोधू लागलो. उत्तर द्यायला हवं होतं. दादाला आणि वहिनींना मूलबाळ नव्हतं. नवस, वैद्य सगळं करून झालं होतं. रघू गावी गेला की वहिनी त्याला जवळून हलू द्यायच्या नाहीत. अशा घराचं नाव मी पोराला भीती घालायला घेतलं होतं. दादानं तंबाखू तोंडात टाकली, नंबर लागल्यावर कापूस विकला आणि रिकामी गाडी घेऊन गावी गेला. रघूचं मात्र निराळंच झालं. भीती राहिली बाजूला, त्याच्या डोळ्यांत मला काहीतरी चमकलेलं दिसलं. ते काय होतं हे मला फार उशिरा समजलं.

आठ दिवसांनी दादा दुसरी खेप घेऊन आला. रांग आणखी लांबली होती. तो दारात आला तेव्हा माझा हात छडीसकट वर होता. त्यानं तो हात मनगटाशी धरला. हुतुतूत धरायचा तसा धरला, मला हलवता येईना.

"ह्या पोट्ट्याले मले दे," म्हणाला. "परीक्षा होईलोक, तेवढेच दिवस. तू फक्त राखेनं अक्षरं काढून दे अंगणात. मले येत नाई."

मला हसू आलं आणि रागही आला. पण रघूच्या आईनं चुलीतली राख सुपात घालून माझ्यापुढे आणून ठेवली. लग्न झाल्यापासून तिनं माझ्या मर्जीविरुद्ध केलेली ती पहिली गोष्ट असावी. मी वाकून अंगणभर अक्षरं काढली, एकेक हातभर लांबीरुंदीचं. दादानं विटी ठेवायचा खड्डा, गल्ली, खणली. खेळ असा की विटी टोलवायची, ती ज्या अक्षराजवळ पडेल तिथं लंगडी घालत जायचं आणि ते अक्षर ओरडून सांगायचं. चुकलं तर डाव गेला. पंच म्हणून रघूची आई ओसरीवर, कारण तिला चार अक्षरं मी शिकवली होती आणि दादाला एकही येत नव्हतं. तो तिलाच विचारायचा, "बरोबर हाये का व?" आणि चुकायचा तोही खरोखर, त्यामुळे रघूला जोर चढायचा. मोठेबाबांना हरवायचं म्हणून तो पहाटे उठून राखेतली अक्षरं गिरवायला लागला. तीन दिवसांत त्याला अक्षरं आली. मग बाराखडी, मग दोन टोल्यांचा एक शब्द. मी शाळेतून येऊन दारात उभा राहायचो. आनंद व्हायला हवा होता. मला मेलं सुखच सोसेना.

गणित त्यानं दांडूनंच शिकवलं. ज्यांनी हा खेळ खेळला असेल त्यांना माहीत आहे, विटी लांब पडली की गल्लीपासून तिच्यापर्यंत दांडूनं मोजत जायचं. वकट, लेंड, मूंड करत सातापर्यंत, आणि सात झाले की पुन्हा वकट. दादा विचारायचा, "सहा वेळा सात झाले, वर तीन. किती दांडू?" रघू पहिल्यांदा सगळं मोजायचा. मग अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, पावलागणिक पुटपुटत, पोचेपोचेतो उत्तर द्यायला लागला. सातचा पाढा झाला, मग पाचावरच पुन्हा वकट करून पाचाचा, नवापर्यंत मोजून नवाचा. बसून विचारलं तर त्याला काही येत नसे. मी एकदा पाटीवर बसवून बघितलं, तर पोरगं पुन्हा दाराबाहेर बघायला लागलं. मी चरकलो. डिप्टीसाहेब काही अंगणात परीक्षा घेणार नव्हते.

दादाची गाडी दोनदा नंबराला लागली आणि दोन्ही वेळा त्यानं दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं. मला वाटलं, भाव चढायची वाट बघतो आहे.

परीक्षेला तीन दिवस उरले होते. संध्याकाळी मी परसात हात धूत होतो आणि भिंतीपलीकडे रघू त्याच्या आईला सांगत होता, अगदी आनंदात, "मले सारं येते, पण मी तोंडच उघडणार नाई. नापास झालो की मोठेबाबा मले गावाले नेते."

मी तांब्या खाली टाकला. मी तसाच अंगणात गेलो. दादा गल्लीजवळ उकिडवा बसून दांडूची टोकं काचेनं तासत होता. त्या क्षणी मला सगळं समजलं असं वाटलं: तो दोन वेळा सोडलेला नंबर, तो धरलेला हात, ते गोड बोलणं... शाळेतली माझी शुद्ध भाषा गळून पडली.

"तुले पोरगं नाई म्हणून माह्यं नेऊन रायला का?" मी ओरडलो.

असं मी बोललो, माझ्या थोरल्या भावाला. ज्यानं स्वतः एक वेळ जेवून मला पंतोजींची दक्षिणा दिली त्याला. रघूची आई दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. दादानं काच खाली ठेवली. मला वाटलं, आता मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, पागोटं डोक्यावर ठेवलं, दांडू काखेत मारला आणि रघूकडे बघितलं. रघू भिंतीला चिकटून उभा होता.

"खेळात मुद्दाम हरते त्याचं काय करते आपल्या गावात?" दादानं त्याला विचारलं.

रघूनं मान खाली घातली. दादा बाजाराच्या मैदानाकडे, गाड्यांच्या रांगेत निघून गेला. तिथून तीन दिवस आला नाही. रघूच्या आईनं भाकरी पाठवली, ती त्यानं बैलांना घातली असं कळलं. मी गेलो नाही. जायला निघालो होतो एकदा, वेशीपर्यंत गेलोही होतो, पण मास्तर ना मी... परत फिरलो.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर पालकांची गर्दी. डिप्टीसाहेब पुण्याकडचे, गंभीर, बोलणं मोजकं. रघूचं नाव आलं तेव्हा दुपार होत आली होती. मी नियमाप्रमाणे बाजूला, भिंतीशी. साहेबांनी पुस्तक पुढे केलं. रघूनं ते घेतलं आणि गप्प. पहिली ओळ, गप्प. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हा आपलाच मुलगा ना?" मी हो म्हटलं. मागे कोणीतरी हसलं. मग गणित. "एका गाडीत सात बोजे, अशा नऊ गाड्या, वर पाच बोजे सुटे. एकंदर किती?" याहून सोपं त्याला जगात काही नव्हतं. रघू गप्प. त्याचे ओठ इतके घट्ट मिटले होते की पांढरे पडले होते. साहेबांनी टाक उचलला, शाईत बुडवला.

तेव्हा ओसरीवर हालचाल झाली. मी पाहिलं तर दादा. पागोट्यावर कापसाची पिंज, अंगरखा तीन दिवसांचा. तो गर्दीतून उंबरठ्यापर्यंत आला. शिपायानं हात आडवा केला, पण दादा आत येतच नव्हता. तो वाकला आणि त्यानं काखेतला दांडू उंबरठ्यावर आडवा ठेवला. रघूच्या अगदी समोर. आणि हात मागे घेऊन उभा राहिला.

त्या खोलीत त्याचा अर्थ तिघांनाच माहीत होता. मला माझ्या लहानपणचा तो दिवस आठवला आणि दादाचा तोच एवढासा झालेला चेहरा दिसला. रघू दांडूकडे बघत राहिला. त्याच्या गालावरून पाणी यायला लागलं. टाक कागदाला टेकणार तेवढ्यात तो बोलला, "चालून सांगू का?"

"काय?" साहेब म्हणाले.

हेडमास्तरांनी डोळे वटारले. माझी नोकरी तेव्हा अजून पक्कीही झाली नव्हती. पण मी पुढे झालो आणि म्हटलं, "साहेब, चालू द्या त्याला. माझी विनंती आहे."

साहेबांनी टाक बाजूला ठेवला. रघू चालायला लागला. भिंतीपर्यंत, वळून पुन्हा इकडे, पाऊल मोजून टाकत, ओठांत वकट, लेंड, मूंड... आधी पोरं खिदळली, मग गप्प झाली. चौथ्या फेरीला तो थांबला. "अडुसष्ट." साहेबांनी दुसरं घातलं, तिसरं घातलं. तो चालत होता, डोळे पुसत होता आणि उत्तरं देत होता. मग पुस्तक घेऊन एका पायावर उभा राहिला आणि धडा वाचला, थांबत थांबत, पण सगळा. साहेब पहिल्यांदाच हसले. मला म्हणाले, "कोणी शिकवलं याला?" मी उंबरठ्याकडे वळलो. तिथं दादाही नव्हता, दांडूही नव्हता.

मी धावत बाजाराच्या मैदानावर गेलो. त्यानं बैल जुंपले होते, कापूस सकाळीच देऊन टाकला होता. मी गाडीची कड धरली. मला माफी मागायची होती. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जिंकला ना पोट्टा? मंग झालं. सोड आता, बैलं उपाशी हायेत." मी सोडली. घरी रघू भिंतीकडे तोंड करून झोपला होता, दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. पास झाल्याचं दुःख करणारं पोर मी पुढच्या सगळ्या नोकरीत दुसरं बघितलं नाही.

नंतर आमच्यात सगळं सुरळीत झालं असं म्हणायचं. दादा खेप घेऊन आला की आमच्याकडेच उतरायचा. रघू सुटीत गावी जायचा आणि पुढे अमरावतीला शिकायला गेला, तिथंच ओव्हरसियर झाला. अजून रस्त्याचं अंतर आधी पावलांनी मोजतो आणि मग मोजणीची साखळी लावतो, असं त्याचे लोक सांगतात. मी घरी पोरांना शिकवायची पद्धत बदलली. छडी चुलीत घातली. आमच्या अंगणात शेजारची पोरंही राखेवर लंगडी घालायला लागली आणि लोक मला कल्पक मास्तर म्हणायला लागले. मी ते म्हणू दिलं. पण त्या संध्याकाळचे माझे शब्द मी परत घेतले नाहीत. दरवेळी वाटायचं, पुढच्या भेटीत बोलू. आता इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं, असंही वाटायचं. पस्तीस वर्षं गेली.

तेरवीला आम्ही सगळे गावी जमलो. दादाच्या घरात पुढच्या खोलीत एक खुंटी आहे. बाकीच्या खुंट्या माणसाच्या हाताला येतील अशा उंचीवर; ही एकच पार खाली, माझ्या कमरेच्या जरा वर. दादा उंचापुरा माणूस, पण शेतातून आला की पागोटं त्याच खुंटीला लावायचा, वाकून. म्हातारपणी कंबर धरली तरी वाकायचा. मी कितीदा हसलो असेन त्याला. "दादा, खुंटी वर ठोकून घे ना, गवंडी वेडा होता का?" तो म्हणायचा, "मले इथंच बरं पडते." पागोटं अजून तिथंच होतं. रघू त्याच्यासमोर उभा राहून बघत होता, हात लावत नव्हता.

"घे, बापू," वहिनी म्हणाल्या. "तुह्याचसाठी ठोकली होती थे खुंटी."

रघूला समजलं नाही. मलाही नाही. वहिनी खाली बसल्या, पदरानं डोळे टिपले आणि सांगायला लागल्या. "तुमी अकोल्याले म्हणले ना भाऊजी, पोट्ट्याले धाडून देतो म्हणून, तवा घरी आले अन् जेवलेही नाई. बाभूय तोडली, खुंटी तासली. शेजारचं तेवढंच पोट्टं आणून भिताडाले उभं केलं, अन् त्याच्या हाताच्या मापानं ठोकली. टोपी, दप्तर लावाले. मी म्हटलं, अवो, परीक्षा तं होऊ द्या. मंग थे परीक्षेहून आले. मी इचारलं, काढू का आता? तं म्हणे, राहू दे. माह्या पागोट्याले होते."

रघू बाहेर निघून गेला. मी तिथंच उभा राहिलो. म्हणजे मी जे बोललो होतो ते खोटं नव्हतं. दादाला रघू हवा होता. परीक्षा व्हायच्या आधी त्यानं घरात त्याची जागा केली होती. पोरगं आपण होऊन त्याच्याकडे यायला निघालं होतं, नुसतं गप्प राहायचं होतं दोघांनी. आणि यानं त्याच्यासमोर दांडू आडवा ठेवला.

बाहेर पंगत बसत होती, मला हाका येत होत्या. मी पागोटं सरकवून माझी टोपी त्याच्या शेजारी लावायला गेलो. वाकावं लागलं. तसाच वाकून, भिंतीकडे तोंड करून मी म्हटलं, "दादा, चुकलं माह्यं."

"काही म्हणलं का भाऊजी?" वहिनींनी आतून विचारलं.

"काही नाई," मी म्हटलं, आणि टोपी तिथंच ठेवून जेवायला गेलो.